कोकिळाबाईच्या साठ वाट्या

देवळीच्या बसस्टँडवर सकाळी साडेआठची वर्ध्याची बस लागली, भरली आणि निघूनही गेली, तरी रतनकाका सिमेंटच्या बाकावरून हलला नाही. त्या आठवड्यात त्याने सोडलेली ही चौथी बस. काजलने आधी त्याला समजावलं, मग हाताला धरून ओढलं, मग बाबांना सांगेन म्हणून धमकावलं आणि सगळ्यात शेवटी उसाच्या रसाची लालूच दाखवली. रस प्यायला तो लगेच तयार झाला. बसमध्ये चढायला नाही.

काजलसाठी हे फारच झालं होतं. अकरावीची परीक्षा देऊन ती मोकळी झाली होती, जानेवारीत वक्तृत्वात तालुक्यातून पहिली आली होती, आणि तेव्हापासून आपण कोणालाही काहीही पटवू शकतो यावर तिचा ठाम विश्वास बसला होता. मुख्याध्यापकांकडून मुलींसाठी सायकल स्टँडवर पत्रे टाकून घेतले होते तिने. आणि घरचा एक काका काही तिला पटवता येईना.

रत्नदीप हा तिच्या बाबांचा धाकटा भाऊ. वय छत्तीस. डॉक्टरांच्या कागदावर बौद्धिक अक्षमता लिहिलेलं होतं, गावातली माणसं त्याला साधा म्हणायची आणि घरातली नुसतं रतन. तो बोलायचा कमी, वाचता येत नव्हतं, मोजणं वीसपर्यंत. पण दाढी स्वतःची स्वतः करायचा, चपला दारात एका रेषेत लावायचा, आणि एकदा नाही म्हटलं की काजलचे बाबा ओमप्रकाश, आई छाया आणि काजल असे तिघं मिळूनही त्याचं हो करू शकत नव्हते.

वर्ध्याला त्याच्यासारख्या मोठ्या माणसांसाठी एक कार्यशाळा होती. दोन वर्षं तो तिथे अगदी खुशीत जात होता. सकाळी स्वतःच गळ्यात ओळखपत्र अडकवायचा आणि बस आली की सगळ्यांच्या आधी दारात. मंगळवारपासून मात्र एकदम बंद. का, म्हणून विचारलं की एकच उत्तर, "ते मिसळवते."

कोण मिसळवते, काय मिसळवते, काही पत्ता नाही. आईला वाटलं जेवणात काहीतरी मिसळतात, म्हणून तिने तिथे काय काय खाल्लं हे चार वेळा विचारून घेतलं. बाबांना वाटलं ऊन लागलं. शेवटी त्या शुक्रवारी काजलने काकाला घरी सोडलं आणि पुढच्या बसने एकटीच वर्धा गाठलं.

तिथल्या अन्नपूर्णा मॅडम चांगल्या होत्या, हाच मोठा वैताग. काजल तावातावाने भांडायच्या तयारीने गेली होती आणि त्यांनी तिला आधी पंख्याखाली बसवून माठातलं पाणी दिलं. मग सगळं सांगितलं. रतनला नट निवडायचं काम होतं. मोठे नट एका डब्यात, छोटे दुसऱ्यात, वायसर तिसऱ्यात. पूर्वी एका कारखान्याकडून खरोखरचा माल यायचा, निवडला की परत जायचा. वर्षभरापूर्वी ते काम बंद झालं. दुसरं काही मिळेना. मग हातांना सवय राहावी, माणसं नुसती बसून राहू नयेत, म्हणून तेच जुने नट रोज वापरायचे. दिवसभर सगळ्यांनी निवडायचे आणि सगळे घरी गेले की तिथल्या ताईने तिन्ही डबे एका टोपल्यात ओतून कालवायचे.

सोमवारी रतनचा दुपट्टा आत राहिला. तो घ्यायला परत आला, आणि ताईचे दोन्ही हात कोपरापर्यंत टोपल्यात.

"काही बोलला का तो?" काजलने विचारलं.

"काही नाही. उभा राहून बघत होता," मॅडम म्हणाल्या. "ताई म्हणाली, असं नाही केलं तर उद्या तू काय करशील रे? तिला वाटलं त्याला पटलं."

मॅडमनी आणखीही एक सांगितलं. अकरा जणांची नावं वाट पाहणाऱ्यांच्या यादीत होती. रतन पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत आला नाही, तर त्यांना त्याची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. त्यांचंही बरोबरच होतं, म्हणून काजलला आणखीच राग आला. कोणावर काढायचा तेच कळेना. परतीच्या बसमध्ये खिडकीतून गरम वारा तोंडावर घेत तिने मनातल्या मनात तीन भाषणं केली आणि तिन्ही अर्धवट सोडली.

घरी हे सांगितलं तेव्हा बाबांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाले की आई अंगणवाडीत, आपण वावरात, काजलचं कॉलेज जूनमध्ये सुरू होणार. रतनला दिवसभर घरात एकटा ठेवून कसं चालेल? मागे एकदा गॅस सुरू राहिला होता. नागपूरकडे एक राहायची संस्था आहे, गावातल्या मांडववाल्या रुपेशच्या सासऱ्यांनी सांगितली होती, तिथे फोन करून बघू. काका समोरच बसून भाकरी खात होता. त्याने मान वर केली नाही, पण त्याचं चावणं थांबलं. काजलने ते पाहिलं. काकाला तिथे जाऊ द्यायचं नाही हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं, आणि त्याला घरीच काम देण्याची जबाबदारी जाहीरपणे अंगावर घेतली.

शनिवारी तिने त्याला तुरीची डाळ निवडायला दिली. दोन तास तो खाली मान घालून बसला होता. काजल दर दहा मिनिटांनी येऊन शाब्बास काका, भारी काका म्हणून जायची. डाळ झाली. आईने ती उचलली, स्वयंपाकघरात नेली आणि सवयीने सुपात ओतून पुन्हा निवडायला बसली.

आईच्या मनात काही वाईट नव्हतं. ती वीस वर्षांपासून हेच करत आली होती. तो भांडी घासायचा, ती मागून विसळायची. तो अंगण झाडायचा, ती संध्याकाळी पुन्हा झाडू फिरवायची. त्याच्या लक्षात येऊ नये म्हणून पाठीमागे, हळूच, प्रेमाने. काजलही तेच करत होती. त्याने घडी घातलेल्या चादरी ती कपाटात ठेवता ठेवता पुन्हा घालायची. घरातली रीतच होती ती, कोणी कोणाला शिकवलेली नाही.

काका पाणी प्यायला आत आला आणि दारातच थांबला. सूप, आई, डाळ.

"वहिनी बी मिसळवते," तो म्हणाला, आणि अंगणात जाऊन नळाशेजारी बसला. त्यानंतर घरातल्या कुठल्याही कामाला त्याने हात लावला नाही. काजलने मोटारसायकल पुसायला सांगून पाहिलं, शेंगा सोलायला देऊन पाहिल्या, तिच्या जुन्या वह्या लावून देतोस का म्हणून विचारलं. तो तिच्याकडे असा बघायचा, की तिला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटायची. आणि मग पुन्हा राग यायचा.

मंगळवारी शेजारच्या घरचं लग्न उरकलं आणि बिछायतीची भांडी न्यायला जंगलू तीनचाकी घेऊन आला. जंगलू हा कोकिळाबाईच्या बिछायत केंद्रातला जुना माणूस. मांडव, सतरंज्या, गंज म्हणजे मोठाली पातेली, ताटं, वाट्या, सगळं भाड्याने देणारं ते दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. जंगलूला एकट्याने ताटांचं पोतं उचलवेना. काका उठला, पोत्याचं दुसरं टोक धरलं, गाडीत टाकलं. दुसरं टाकलं, तिसरं टाकलं. आणि गाडी निघाली तेव्हा मागे चढून बसला. काजल पायात चप्पल न घालता धावत सुटली, मग पाय भाजले म्हणून परत येऊन चप्पल घालून पुन्हा धावली.

ती दुकानाच्या गोदामात पोचली तेव्हा काका भांड्यांच्या ढिगासमोर उभा होता आणि कोकिळाबाई खुर्चीवर बसून मोबाइलवर कोणाशी तरी भांडत होत्या. पन्नाशीची बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आवाज असा की दुकानाला पाटीची गरज नव्हती. फोन कानापासून न काढता त्यांनी काकाला हाताने ढीग दाखवला.

"वाट्या वेगळ्या कर, पेले वेगळे. वाटीच्या बुडाले पाह्यजो. तीन ठिपके असले तर आपली. चांदणी असली तर रुपेशची, ते दारापाशी ठेव."

मोठं लग्न असलं की दोन बिछायतवाले एकमेकांची भांडी उसनी नेतात आणि ओळखायला बुडावर खूण ठोकून ठेवतात, एवढं काजललाही माहीत होतं. ती पुढे झाली आणि कोकिळाबाईंना हळू आवाजात समजावू लागली की माझे काका जरा वेगळे आहेत, त्यांना सांभाळून.

"तुले मी विचारलं का?" कोकिळाबाईंनी विचारलं.

काका खाली बसला होता. एक वाटी उलटी केली, बुडावरून अंगठा फिरवला, उजवीकडे ठेवली. दुसरी उलटी केली. जंगलूच्या चौथाईइतकाही त्याचा वेग नव्हता. काजलला राहवेना. ती म्हणाली, "वा काका, शाब्बास." कोकिळाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं जसं कोणी मांडवात शिंकलं.

"अजून तर पोतंभर हाय. शाब्बासकी कायची देऊन राह्यली?"

बुधवारी काका सकाळी सातला आपणहून गेला. गुरुवारीही. आईने जाऊन मजुरीचं विचारलं, तर कोकिळाबाई म्हणाल्या, जंगलूले देते तेच देईन, पण टिकला तर. आई घरी येऊन हे तीन वेळा सांगत बसली, कारण टिकला तर हे शब्द तिच्या दिराबद्दल आजवर कोणी वापरले नव्हते. बाबांनी मात्र संस्थेचा नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेवला होता. म्हणाले, लग्नाचा सिझन महिन्याभराचा, पुढे? आणि सोमवारपर्यंत वर्ध्याची जागाही धरून ठेवायला हवी, ते काजलने पाहावं.

काजलने पाहायचं ते सोडून भलतंच पाहिलं. रोज दुपारी ती गोदामात जाऊन बसायची. काकाला जमेल का, कोणी त्याला हसेल का, बाई ओरडतील का, या काळजीने तिचा जीव वरखाली. शुक्रवारी संध्याकाळी ती त्याला न्यायला गेली तेव्हा तो मागे नळावर हातपाय धूत होता. वाट्यांची पोती तोंड बांधून रांगेत उभी. आणि दारापाशी, अगदी एकीकडे, साठेक वाट्यांची चळत तशीच पडलेली.

राहून गेलं वाटतं, काजलच्या मनात आलं. उद्या सकाळी पुलगावच्या लग्नाला माल जायचा होता. बाईंनी पाहिलं तर त्याच्यावर खेकसतील. तिने इकडेतिकडे पाहिलं, शेवटच्या पोत्याचं तोंड सोडलं, साठच्या साठ वाट्या आत ओतल्या आणि पुन्हा गाठ मारली. काका यायच्या आत. त्याच्या लक्षात येऊ नये म्हणून. वाटी उलटी करून पाहायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. तिथून घरी जाताना उलट तिला फार बरं वाटत होतं.

शनिवारी काकाला कोकिळाबाईंनी मांडवाचे बांबू उतरवायला नेलं होतं, त्यामुळे तो दिवस असाच गेला. रविवारी दुपारी रुपेश आपल्या वाट्या मागायला आला. त्याचं स्वतःचं संध्याकाळी लग्नाचं काम होतं, आमरसाचं जेवण, आणि साठ वाट्या कमी. कोकिळाबाईंनी दारापाशी पाहिलं. काही नाही. पोती पुलगावला, मंगळवारशिवाय परत येत नाहीत. रुपेश म्हणाला, लोकाईले रस काय आता ओंजळीत देऊ का. तोही ओरडला, बाईही ओरडल्या, आणि तो तणतणत गेल्यावर कोकिळाबाई काकाकडे वळल्या. काजल नेमकी तेव्हाच पोचली होती.

"रतन, रुपेशच्या वाट्या कुठी हाय?"

"ठेवल्या होत्या. दारापाशी."

"मग पाय फुटले का वाट्याईले?"

जंगलू हसला. काका दाराजवळच्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिला, मग पुन्हा बाईंकडे.

"मी ठेवल्या होत्या," तो पुन्हा म्हणाला.

"मी काय आंधळी हाय? असं काम करायचं असल तर उद्यापासून घरीच बस बाप्पा. मले असा माणूस परवडत नाई."

 तोवर काजलच्या ओठांवर भाषण तयार होतं. माझ्या काकांवर असं ओरडता येत नाही, कायदा आहे, तुम्हाला समजायला पाहिजे. सुरुवातीचा शब्द तोंडातून निघालाही. आणि मग चळत, पोतं, गाठ, सगळं डोळ्यांपुढे आलं. काका खोटं बोलत नव्हता. त्याचं काम चोख होतं. ते तिनेच मागून जाऊन कालवलं होतं.

गप्प राहिली असती तर कोणाला कळलं नसतं. काका घरी बसला असता, उद्या वर्ध्याची बस, नाहीतर बाबांचा नागपूरचा फोन. आणि बोलली असती तर काकाला कळलं असतं. यातलं दुसरंच तिला जास्त जड जात होतं. त्याच्याकडे न पाहता ती बाईंना म्हणाली,

"त्या वाट्या मी पोत्यात टाकल्या. शुक्रवारी."

"काऊन?"

"मले वाटलं त्याचं राहून गेलं."

"त्याले विचारलं?"

"नाई."

कोकिळाबाई खुर्चीतून उठल्या. काजलला वाटलं आता मार बसतो. पण बाई ओरडल्या नाहीत, आवाज उलट खाली आला, आणि तो जास्त वाईट होता.

"पोट्टे, चार दिवस झाले मी पाहून राह्यली. तो काम करते अन् तू त्याच्या मागं मागं फिरते. माह्या माणसाच्या कामाले तुनं हात काऊन लावला? उद्यापासून उंबरठ्याच्या आत दिसली तर तुह्या मायले बोलावीन. समजलं?" मग त्या काकाकडे वळल्या, आणि त्याला माफी वगैरे काही नाही, तोच चढा आवाज. "अन् तू. आपल्या कामाले कोणी हात लावला त गप्प नाई राह्यचं, बोंब मारायची. सकाळी सातले येजो."

काकाने मान हलवली. काजलकडे त्याने एकदाच पाहिलं आणि बाहेर पडला. घरी जाताना तो दहा पावलं पुढे चालत होता. ती भरभर चालली की तो आणखी भरभर. रस्त्यात तिने तीनदा चुकलं म्हटलं आणि ते तिन्ही वेळा त्याच्या पाठीला सांगितलं.

घरी आई भाजी चिरत होती, बाबा खाटेवर.

"काजलनं मिसळवलं," काका म्हणाला. मग हातपाय धुवायला गेला.

आईने सगळं विचारून घेतलं. काजलने सगळं सांगितलं, रडणार नाही असं ठरवून, आणि तरी रडली. बाबांना ओरडायचं होतं, पण ओरडायला त्यांना कुठे सुरुवात करावी ते कळेना, कारण त्यांनी स्वतः सकाळीच काकाने भरलेली कुलरची टाकी पुन्हा उघडून पाहिली होती. आई चिरलेल्या भाजीकडे पाहत म्हणाली, "आपणच सगळे वेडे झालो हो." रात्री जेवण झाल्यावर काकाने आपलं ताट घासून पालथं घातलं. सगळे ते ताट बघत होते. त्याच्या कडेला भाताचं शीत चिकटलेलं होतं. आई उठली, पुन्हा बसली, आणि मग सरळ म्हणाली,

"भाऊजी, ताटाले शीत राह्यलं."

काका आला, ताट उचललं, पाहिलं, आणि पुन्हा घासलं.

सोमवारी काजल उठली तेव्हा तो गेलेला होता. साडेआठची बस कोणाशिवाय गेली. बाबांनी नागपूरचा नंबर काही लावला नाही, पण काढूनही टाकला नाही. म्हणाले, पावसाळ्यात लग्नं नसतात तेव्हा बघू. जंगलूने रस्त्यात भेटून सांगितलं की पावसाळ्यात सतरंज्या शिवायच्या असतात, गंजांना कल्हई असते, तुमच्या रतनले काय काम कमी पडते. बाबांना ते अर्धंच पटलं.

दुपारी बाराला काका जेवायला आला नाही. सव्वाबारालाही नाही. एक वाजता आईने डबा काजलच्या हातात दिला. ऊन असं की डांबरावर चप्पल चिकटत होती. गोदामाचं दार सताड उघडं, कोकिळाबाई खुर्चीवर, आणि आत पंख्याखाली काका एक एक पेला उजेडाकडे धरून बघत होता. काजल उंबरठ्याच्या बाहेर उभी राहिली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे पाहिलं, आणि पुन्हा मोबाइल कानाला लावला.

"काका, डबा."

"थांब."

ती थांबली. पाच मिनिटं झाली. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला, अन्नपूर्णा मॅडमचा. आज शेवटचा दिवस, रतन येणार आहे का, नसेल तर मला पुढच्या नावाला कळवावं लागेल. मॅडम घाईत नव्हत्या, त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. काजलच्या तोंडी उत्तर आलंच होतं. तिने ते गिळलं आणि फोन छातीशी धरला.

"काका, वर्ध्याच्या मॅडम विचारून राह्यल्या. तुही जागा ठेवू का म्हणते."

काकाने हातातला पेला खाली ठेवला. कोकिळाबाईंनीही आपलं बोलणं थांबवलं होतं.

"दुसऱ्याले द्या म्हणा," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "त्याले खरे नट द्या म्हणा."

काजलने तसंच सांगितलं, शब्दाला शब्द. पलीकडून मॅडम बरं म्हणाल्या. काजलने फोन ठेवला आणि डबा पुन्हा पुढे केला.

"आता तरी घे. आई वाट पाहून राह्यली, मले बी भूक लागली, अन् इथं पाय भाजून राह्यले माहे."

"ही रांग होऊ दे," काका म्हणाला आणि पुढचा पेला उचलला.

रांगेत अजून अठ्ठावीस पेले होते. काजलने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, पाय बदलून एका पायावर उभी राहिली, आणि कोकिळाबाईंच्या दुकानाच्या भिंतीची जेवढी सावली होती तेवढ्यात अंग चोरून पेले मोजायला लागली.